व्यवहाराबद्दल शंका असल्यास

ईट, ता. भूम
१४ जुलै

चि. राजेश्वरीस,

ज्याचा नंबर तू ब्लॉक केलास त्या आण्णाचा आशीर्वाद. आशीर्वाद ब्लॉक होत नसतो.

काल शिवप्पाच्या किराणा दुकानात गेलो आणि त्याच्या मोबाईलवरनं तुला फोन लावला. तू "हॅलो" म्हणालीस. मी "राजेश्वरी" म्हणालो आणि फोन कट. शिवप्पा साखर जोखत होता, पण सगळं ध्यान माझ्याकडं. "रेंज न्हाय," म्हणालो. त्यानं मान हलवली. त्याला काय कळायचं ते कळलं, आता गावाला कळेल. म्हणून पत्र लिहायला बसलोय. पत्रही फाडता येतं, पण फाडायच्या आधी माणूस दोन ओळी वाचतोच.

आता त्या हॉटेलाचं बोलू. मी काय वावगं विचारलं ते मला एकदा सांग. रविवारी माझ्या मोबाईलवर बँकेचा मेसेज आला, की तुझ्या कार्डावरनं हडपसरच्या एका हॉटेलात पैसे गेले. रक्कम जाड होती. मी फोन केला आणि म्हणालो, "एवढ्या पैशात काय लग्नाची पंगत बसवली का?" आता तू फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावलायस, समोर विहीणबाई बसल्यात, जावईबापूंचा वाढदिवस आहे, लग्नानंतर पहिल्यांदाच तू आपणहून सगळ्यांना जेवू घालतीयस, हे मला ईटला बसून कसं दिसावं? मेसेजात रक्कम येते आणि हॉटेलाचं नाव येतं. खाली इंग्रजीत एक ओळ असते, तिचा अर्थ असा की या व्यवहाराबद्दल शंका असल्यास तात्काळ फोन करा. मला शंका आली, मी तात्काळ फोन केला. तुझी आई म्हणती, "अवो, ते बँकेला फोन करा म्हणून लिहिलंय, पोरीला न्हाय." तिला काय कळतंय बँकेतलं.

विहीणबाई म्हणाल्या म्हणे, "आधी वडिलांना हिशेब दे बाई, मग आपण जेवू." हे तूच शेवटच्या फोनवर रडत सांगितलंस. हसून म्हणाल्या म्हणालीस. हसून म्हटलेलं जास्त लागतं, एवढं मलाही कळतं. पण मग तू म्हणालीस, "आण्णा, मी आता तुमचं कार्डबी वापरणार न्हाय आन तुमचा फोनबी घेणार न्हाय." अगं, एवढ्यावरनं?

कार्ड मी किती हौसेनं दिलं होतं! रिटायर झाल्यावर बँकेनं मला कार्ड दिलं, वर म्हणाले, घरातल्या एका माणसाला याच्याच जोडीचं दुसरं कार्ड फुकट. मी तुझं नाव घातलं. पाठवणीच्या वेळी तुझ्या ओटीत ते कार्ड मीच ठेवलं. तुझी आई कुजबुजली, "खणानारळाशेजारी प्लास्टिक काय घालताय?" मी म्हणालो, अडीअडचणीला माझ्या पोरीनं सासरी कुणापुढं हात पसरायचा नाही. ते वाक्य अजून ध्यानात आहे का तुझ्या?

तुझं म्हणणं, कार्ड घासलं की मिनिटात तुमचा फोन येतो. येतो. चपला घेतल्यास, मी विचारलं जुन्यांना काय झालं. पार्लरमध्ये गेलीस, मी विचारलं तिथं एवढे पैसे घेऊन करतात तरी काय. मेडिकलचा मेसेज आला तेव्हा तर मी जेवता जेवता फोन केला. डोकेदुखीची गोळी निघाली. मग? माझी सारी नोकरी एसटीच्या कंट्रोल केबिनमध्ये गेली. कुठली गाडी कुठं आहे हे कळल्याशिवाय मला घास गिळत नव्हता. परांड्याची गाडी दिसली नाही की मागच्या स्टँडला फोन, निघाली का, कधी निघाली, मधी कुठं थांबली. धोंडीबा ड्रायव्हर वैतागून म्हणायचा, "साहेब, गाडी काय पळून जाणार हाय का?" म्हणू दे. आपली गाडी कुठं आहे हे कंट्रोलरला माहीत पाहिजे.

आता राग पुरे झाला. ब्लॉक काढ आणि फोन कर. मी हॉटेलाचं नाव काढणार नाही.

तुझा
आण्णा



ईट
४ सप्टेंबर

चि. राजेश्वरी,

गौरी आल्या, जेवल्या, गेल्या. तू आली नाहीस. मागच्या पत्राचं उत्तरही नाही. पोस्टमनला दोनदा विचारलं, तो आता मला बघून सायकल दुसऱ्या गल्लीतनं काढतो.

तुझी आई मात्र खुशीत दिसती, याचाही मला राग येतो. रोज संध्याकाळी शेजारच्या कडूबाईकडं धान्य निवडायला जाती. कडूबाई एकटी बाई, तिच्याकडं रोज एवढं काय निवडायचं असतं देव जाणे. येताना गाणं गुणगुणत येती. दुपारभर आपल्या जुन्या लुगड्याची गोधडी शिवती, ती पण हातभर लांबीची. म्हणालो, "ही कुणाला पुरणार?" म्हणती, "पुरंल त्याला पुरंल." बाईमाणसाला विचारायची सोय नाही.

इकडं मला या कार्डानं वैताग आणलाय. तू वापरत नाहीस, म्हटलं आपण तरी वापरू. पेट्रोलपंपावर कार्ड काढलं तर तो म्हणतो, "मशीन हापिसात हाय आन हापिसाला कुलूप हाय." बार्शीला तुझ्या आईसाठी गौरीचं पातळ घेतलं, दुकानदार म्हणतो, कार्डाला दोन टक्के जादा. धाराशिवला एका मेडिकलात मशीन समोर दिसत होतं, त्यावर धूळ. "नुसतं ठेवलंय काका, चालत न्हाय." पॉईंट मिळतात म्हणून सांगितलं होतं, वर्षभराच्या पॉईंटावर प्रवासी बॅगेच्या किमतीत सूट मिळती, म्हणजे बॅग विकतच घ्यायची. अ‍ॅप उघडावं तर आधी अपडेट मागतं, मग पासवर्ड, मग नंबर पाठवतं, तो नंबर येईस्तोवर वेळ संपला म्हणतं. एवढं करण्यापेक्षा खिशातली नोट काढलेली बरी. लोक कार्ड टाकून देतात ते काय उगीच नाही.

आणि बँकेची ती बाई! रोज मी ताटावर बसलो की हिचा फोन. "सर, आपण कार्ड वापरत नाही आहात, काही अडचण आहे का? मागच्या महिन्यात आपण फक्त बार्शीला कपडे घेतलेत." परवा डोकं फिरलं माझं. म्हणालो, "माझं कार्ड, माझा पैसा. मी कुठं खर्च करतो आन का करत न्हाय ते तुला कशाला सांगू? घास खाऊ देशील का न्हाय? असं मागं लागणार असशील तर कार्डच नको मला!" आणि फोन आपटला.

तुझी आई भाकरी वाढत होती. शांतपणे म्हणाली, "पोरगी बी हेच म्हणली हुती."

मी ताटावरनं उठलो. म्हणजे हातातली भाकरी संपवली आणि उठलो. राग तिच्या बोलण्याचा आला नाही, तिच्या तोंडावर हसू होतं त्याचा आला.

राजेश्वरी, एक गोष्ट लिहितो, ती वाचून हसू नको. तुझे मेसेज यायचे ते मला आवडायचे. रकमेचं सोड. भाजीच्या दुकानाचा आला की वाटायचं, घरी आहे, स्वयंपाक करती. पुस्तकाच्या दुकानाचा आला की वाटायचं, अजून वाचायचा नाद आहे. तू आपणहून फोन केलास तर "मी बरी आहे आण्णा, तुम्ही बरे आहात का" एवढंच बोलायचीस. तुझ्या दिवसातलं मला जे कळायचं ते त्या मेसेजातनंच. आता मोबाईल वाजतो, धावत जाऊन बघतो तर कुणीतरी कर्ज घ्या म्हणतंय. मला तुझी लई आठवण येती. लिहिलं बघ, खोडत नाही.

पण मीही कंट्रोलर आहे. एखादा ड्रायव्हर फार अकडला की आम्ही त्याच्या कागदावर सही देत नव्हतो. सहीशिवाय गाडी हलत नाही, मग तो मुकाट केबिनच्या खिडकीशी येतोच. आज सकाळी मी अ‍ॅप उघडलं. माझ्या कार्डाखाली तुझं कार्ड दिसतं, त्याच्या शेजारी एक हिरवं बटण आहे. ते मी दाबलं. राखाडी झालं. आता तुझं कार्ड कुठंही चालणार नाही. ज्या दिवशी तू ते काढशील त्या दिवशी तुला माझ्याशी बोलावं लागेल. बोल, लगेच चालू करतो. तुझ्या आईला यातलं काही सांगितलेलं नाही.

वाट बघतोय.

आण्णा



धाराशिव, बसस्थानक
१९ सप्टेंबर, दुपार

राजेश्वरी,

पुण्याच्या गाडीला अवकाश आहे. नुसतं बसवत नाही, म्हणून लिहितोय. हे तुला कधी आणि कुठं मिळेल मला माहीत नाही.

सकाळी मी बँकेत वार्षिक फीबद्दल भांडायला इथं आलो होतो. रांगेत उभा होतो. मोबाईल वाजला. तुझं कार्ड! इतक्या दिवसांनी! मला आनंद झाला, राजेश्वरी, ते लपवत नाही. वाटलं, आली पोरगी खिडकीशी. चष्मा लावून वाचलं, व्यवहार नाकारला. नाकारणारच, मीच बंद केलेलं. मनात म्हणालो, आता करंल फोन. मग दुसरा मेसेज, नाकारला. तिसरा, नाकारला. तेव्हा मी दुकानाचं नाव वाचलं. ते दुकान नव्हतं. हॉस्पिटल होतं, पुढं मॅटर्निटी लिहिलेलं.

तुला फोन लावला, ब्लॉक. जावईबापूंना लावला, बंद. कडूबाईच्या मोबाईलवर लावून तुझ्या आईला बोलावलं आणि विचारलं, "राजेश्वरीला काय झालंय? ती दवाखान्यात का हाय?" ती म्हणाली, "का वो? तिला आठवा लागलाय. का? काय झालं?"

आठवा! घरात, शेजारात, कडूबाईच्या त्या चार भिंतीत सगळ्यांना माहीत, फक्त मला नाही. कडूबाईच्या मोबाईलवर तुम्ही दोघी रोज बोलत होता. "मला का सांगितलं न्हाय?" मी ओरडलो. सगळी बँक माझ्याकडं बघायला लागली. ती म्हणाली, "तीच म्हणली, आण्णांना सांगू नको, रोज फोन करून खाल्लं का, गोळी घेतली का, डॉक्टर काय म्हणला विचारतील, मला दम लागंल." आणि मग म्हणाली, "पर तुमाला कुणी सांगितलं दवाखान्याचं?"

मी सांगितलं. कार्डाचंही सांगितलं. बटणाचं.

ती एवढंच म्हणाली, "तुमी पोरीला दवाखान्याच्या दारात उभं केलंत." आणि फोन ठेवला.

मग माझी जी फरफट झाली ती तुला सांगायची नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. अ‍ॅप उघडेना, अपडेट मागत होतं. अपडेट झालं तर म्हणतं, तुमचा पासवर्ड जुना झाला, नवा घाला. घातला. म्हणतं, हा पूर्वी वापरलेला आहे, दुसरा घाला. तुझं नाव घातलं, तुझी जन्मतारीख घातली, एकही पसंत पडेना त्याला. काउंटरवरच्या साहेबाकडं गेलो. तो भला माणूस होता, पण म्हणाला, "काका, कार्डाचं खातं वेगळं, इथून काही होत नाही, कार्डामागच्या नंबरवर फोन करा." फोन केला. मराठीसाठी हे दाबा, कार्डासाठी ते दाबा, मग गाणं. राजेश्वरी, ते गाणं! माझी पोर तिकडं काउंटरवर उभी आणि हे माझ्या कानात पेटी वाजवतायत.

शेवटी एक पोरगी बोलली. म्हणालो, "बाई, तेवढं बटण चालू कर." म्हणाली, "सर, आधी आपली ओळख पटवते. आपण कार्डावर केलेला शेवटचा व्यवहार सांगा." मी म्हणालो, "हडपसर, हॉटेल, रविवार. त्याच्या आधी भाजी. त्याच्या आधी चपला, त्याच्या आधी पुस्तकं, मेडिकल, पार्लर." सगळं पाठ होतं, धडाधडा सांगत सुटलो. ती म्हणाली, "सर, हे तर दुसऱ्या कार्डाचे व्यवहार आहेत. आपले सांगा." आणि मला माझा एकही आठवेना. बार्शीचं पातळसुद्धा आठवलं नाही. तिनं माफी मागितली आणि म्हणाली, ओळख पटली नाही. मी बँकेच्या पायरीवर बसलो.

पुन्हा फोन केला, पुन्हा तेच गाणं. या खेपेला दुसरी कुणी होती, तिनं आईचं नाव विचारलं, जन्मतारीख विचारली. तिला माझ्या आवाजातनं काय कळलं कुणास ठाऊक, म्हणाली, "काका, रडू नका, करते मी." कार्ड चालू झाल्याचा मेसेज आला. मी वाट बघितली. तुझ्या कार्डाचा पुढचा मेसेज आला नाही. म्हणजे तू मशीनपुढनं निघून गेली होतीस. कुठं गेलीस, आत का बाहेर, तेच कळेना.

परत कडूबाईला फोन लावला, तिनं सांगितलं. तुझी आई ती हातभर गोधडी पिशवीत घालून जामखेडच्या गाडीत बसली. जी बाई माझ्याशिवाय भूमच्या बाजाराला गेली नाही ती एकटी पुण्याला निघाली. माझ्यासाठी थांबली नाही.

गाडी लागली. तुळजाभवानी तुला सांभाळो. मी येतोय.



हडपसर, हॉस्पिटलच्या बाहेर
२० सप्टेंबर

राजेश्वरी,

हा कागद तुझी आई तुला देईल. वाचायचा नसला तर उशाखाली ठेव.

तू सुखरूप आहेस आणि मुलगी झाली, हे मला वॉचमननं सांगितलं. नात लहान आहे, काचेच्या पेटीत ठेवलीय, पण श्वास आपला आपण घेती, हे जावईबापूंनी सांगितलं. ते चेन्नईहून विमानानं आले आणि तसेच आत गेले. मला मिठी मारली त्यांनी. त्यांना अजून बटणाचं माहीत नसावं.

मी वर आलो होतो. दारापर्यंत. तुझी आई बाहेर आली आणि म्हणाली, "ती म्हणती, आण्णांना सांग, आत्ता नको." मी बरं म्हणालो आणि खाली येऊन गाड्या लावतात तिथल्या बाकावर बसलो. आत्ता नको म्हणालीस. नुसतं नको म्हणाली नाहीस. रात्रभर मी एवढंच धरून बसलो.

सकाळी विहीणबाई थर्मास घेऊन खाली आल्या. मी उठून उभा राहिलो. त्यांनी बसायला सांगितलं आणि कालचं सगळं सांगितलं. तुला अचानक त्रास सुरू झाला, रिक्षानं आणलं. डिपॉझिट भरा म्हणाले. त्यांच्या मोबाईलवरनं एवढी रक्कम जाईना, जावईबापू चेन्नईला जाणाऱ्या विमानात. तेव्हा तू पर्समधनं माझं कार्ड काढलंस. काउंटरवरच्या मुलीनं घासलं, म्हणाली चालत नाही. तू म्हणालीस, "परत घासा." परत नाही. विहीणबाई म्हणाल्या, मी सोसायटीतल्या कुणाला तरी बोलावते. तर तू पोट धरून त्या मुलीला म्हणत होतीस, "माझ्या आण्णांचं कार्ड आहे ते. अडीअडचणीला दिलंय. चालेलच. परत घासा."

चालेलच म्हणालीस. म्हणजे बटणाचं लिहिलेलं माझं पत्र तू फोडलंच नव्हतंस.

मी विहीणबाईंना सांगितलं, "ते कार्ड मी बंद केलं होतं. हिनं फोन करावा म्हणून." माझी अपेक्षा होती त्या हसून काहीतरी लागेल असं म्हणतील, म्हणाल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी कपात चहा ओतला आणि माझ्या हातात दिला. "सोसायटीतल्या बाईनं येऊन पैसे भरले," म्हणाल्या. "डॉक्टर म्हणतात, त्या वेळानं काही बिघडलं नाही." मी विचारलं, "खरंच असं म्हणाले?" त्यांनी मान हलवली. राजेश्वरी, मला तो डॉक्टर खरं बोलतोय का हे कधीच कळणार नाही. ते मला घेऊन राहावं लागेल.

मी परत निघतोय. इथं बसलो तर मी दर घटकेला वॉचमनला विचारत राहीन, नात दूध प्याली का, तू उठून बसलीस का. तो बिचारा आत्ताच मला बघून तोंड फिरवतोय. तुझी आई इथं राहील. तिला म्हटलं, रोज फोन करून सांग. म्हणाली, "करीन. पर तुमी करू नका." बरं म्हणालो.

कार्ड चालू आहे. तुला ते मोडून फेकावंसं वाटलं तर मोड.

आण्णा



ईट
२ नोव्हेंबर

चि. राजेश्वरी,

दिवाळीत कडूबाईनं चकल्या आणून दिल्या, तेवढीच माझी दिवाळी. भाकरी मला अजून जमत नाही, कडा कच्च्या राहतात. तुझी आई तिकडनं मोबाईलवर भाकरी शिकवती, तव्यावर पाणी फिरवा म्हणती. नातीला पेटीतनं काढलं, घरी आणलं, तिचं वजन वाढतंय, हेही तीच सांगती. मागनं कधी कधी रडण्याचा आवाज येतो. तू बाजूलाच असशील असं वाटतं. मी विचारत नाही.

एक काम केलं ते कळवतो. धाराशिवला जाऊन अर्ज दिला, की तुझ्या कार्डाचे मेसेज आणि ते ओटीपीचे नंबर तुझ्याच मोबाईलवर जावेत. दोन चकरा झाल्या. एकदा आधारची झेरॉक्स पुसट निघाली, एकदा माझी सही जुन्या सहीसारखी दिसेना. आता हात पहिल्यासारखा राहिला नाही. पण झालं. ते बटणही काढून टाका म्हणालो, तर म्हणाले, ते निघत नाही. मग मी अ‍ॅपच मोबाईलमधनं काढून टाकलं. आता तू काय घेतलंस, कुठं घेतलंस, मला काही कळणार नाही. शिवप्पा म्हणाला, "मग तर करमायचं न्हाय तुमाला." करमत नाहीच. मोबाईल दिवसभर मुका असतो. काल दोनदा बंद तर पडला नाही ना म्हणून उघडून बघितला.

बँकेच्या त्या बाईचा परवा फोन आला, नेमका जेवताना. म्हणालो, "बाई, कार्ड आहे, पण वापरावंसं वाटत नाही. तुमच्या चौकशा फार." ती हसली. म्हणाली, "सर, सगळेच असं म्हणतात. आम्हाला वरनं विचारायला सांगतात." मी म्हणालो, "मला कुणी सांगितलेलंबी न्हवतं." तिला काही कळलं नाही. मी फोन ठेवला, आपटला नाही.

तुझ्याकडनं मला एकच पाहिजे, ते मागायला मला तोंड राहिलं नाही, म्हणून या पत्रात मागत नाही. थंडी पडायला लागलीय. नातीच्या कानाला वारं

थांब. मोबाईल वाजला.

राजेश्वरी, तुझा मेसेज आहे. बँकेचा नाही, तुझा. तुझ्या नंबरवरनं. चष्मा पुसून परत वाचला. जसा आहे तसा इथं उतरवतो, नाहीतर उद्या मला वाटेल स्वप्न पडलं होतं:

"तुमच्या मुलीने आज हडपसर येथील दुकानातून बाळासाठी एक झबलं व एक लोकरीचं टोपरं घेतलं आहे. पैसे रोख दिले. या व्यवहाराबद्दल शंका असल्यास तात्काळ याच नंबरवर फोन करा."

रोख दिले म्हणतीस. कार्ड अजून वापरत नाहीस. बरोबर आहे, वापरू नको.

हे पत्र आता पोस्टाच्या पेटीत टाकायचं काम नाही. दार लावून घेतो, शिवप्पाला आवाज जायला नको. किती पडले हे मी विचारणार नाही. टोपरं जाड आहे का, हेही विचारणार नाही. नातीला जरा फोनपाशी धर एवढंच म्हणेन, मग तू बोल, मी ऐकतो.

शंका आहे, पोरी. लई शंका आहे. लावतो फोन.